विश्लेषण : मुलगा निरीक्षणगृहात आहे, पॅरोल मिळेल का?

घरातला मुलगा पोलिसांच्या ताब्यात गेला की नातेवाईक, शेजारी, गावातले जाणते असे सगळेच सल्ले देऊ लागतात. त्यातला एक सल्ला हमखास ऐकू येतो, ‘पॅरोलसाठी अर्ज टाका’. सिनेमे, बातम्या आणि व्हॉट्सॲप यांमुळे पॅरोल हा शब्द आता गावोगावी माहीत झाला आहे. पण मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर हा सल्ला चुकीचा आहे. अल्पवयीन मुलांच्या कायद्यात पॅरोल नावाची तरतूदच नाही. त्याऐवजी दुसरे मार्ग आहेत आणि त्यांतले काही पॅरोलपेक्षा बरेच सोपे आहेत. ते माहीत नसल्याने चुकीच्या कार्यालयात चुकीचा अर्ज जातो आणि मुलाचे दिवस आत जातात. वाशिम जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबावर ही वेळ आली तर कोणत्या वयाला कोणता नियम लागतो, ते समजून घेऊ.

पॅरोल आणि फर्लो म्हणजे नेमके काय?

पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘दिलेला शब्द’. ‘परत येईन’ असा शब्द देऊन कैद्याने काही दिवस बाहेर जायचे, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने यासाठी चपखल मराठी शब्द वापरला आहे, अभिवचन रजा. घरातील मृत्यू, गंभीर आजार, लग्न, पत्नीचे बाळंतपण, पूर किंवा आगीसारखी आपत्ती अशा कारणांसाठी ही रजा मागता येते.

फर्लो म्हणजे संचित रजा. शिक्षेचा ठरावीक काळ प्रत्यक्ष तुरुंगात काढला आणि वागणूक चांगली असली की कैदी तिच्यासाठी पात्र होतो. तिला विशेष कारण लागत नाही. कैद्याचा घराशी आणि गावाशी संबंध टिकावा, हा तिचा हेतू. राज्यात दोन्ही रजांचा मूळ आधार १९५९ चे फर्लो व पॅरोल नियम हा आहे. त्यांत वेळोवेळी बदल होत आले आहेत.

या दोन्ही रजा शिक्षा झालेल्या कैद्यासाठी आहेत. कारागृहाच्या भाषेत तो ‘सिद्धदोष बंदी’. ज्याचा खटला अजून सुरू आहे तो ‘न्यायाधीन बंदी’. त्याला संचित किंवा अभिवचन रजा नसते. त्याने न्यायालयाकडे जामीन मागायचा असतो.

मग १८ वर्षांच्या आतल्या मुलाला पॅरोल का नाही?

कारण कायद्याच्या नजरेत तो कैदीच नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते.

हे मंडळ प्रत्येक जिल्ह्यासाठी असते. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. मंडळ ‘चौकशी’ करते आणि ती साधारण चार महिन्यांत संपावी, अशी अपेक्षा आहे. त्याला आणखी दोन महिन्यांची वाढ मिळू शकते. गुन्हा किरकोळ असेल, म्हणजे त्याला कमाल तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल, आणि वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर ते प्रकरण कायद्यानेच संपते.

दोष सिद्ध झाला तरी मंडळासमोर अनेक पर्याय असतात. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पालकांच्या ताब्यात देणे. विशेष गृहात पाठवणे हा शेवटचा पर्याय आणि त्याची कमाल मर्यादा तीन वर्षे. शिक्षा नाही म्हणून शिक्षेतून रजाही नाही, असा हा हिशेब आहे.

आता मुलगा निरीक्षणगृहात आहे. तो बाहेर कसा येईल?

जामिनावर. कायद्याचे कलम १२ इथे पालकांच्या सर्वाधिक उपयोगाचे आहे. प्रौढांच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र, हा पहिला प्रश्न असतो. मुलांच्या बाबतीत तो फरक बाजूला ठेवला जातो. जामीनदार घेऊन, जामीनदाराशिवाय किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुलाला सोडावे, हा नियम आहे. जामीन नाकारणे हा अपवाद.

हा अपवाद तीनच परिस्थितींत करता येतो. सुटल्यावर मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असेल किंवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणार असेल. यांपैकी काय लागू होते, याची कारणे मंडळाला लेखी नोंदवावी लागतात.

समजा, मानोरा तालुक्यातील १७ वर्षांचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात ताब्यात आला. मंडळाने जामीन दिला, पण अट अशी की जामीनदार हवा. वडील मजुरीसाठी बाहेरगावी आहेत आणि जामीनदार मिळत नाही. अशा वेळी काय? कलम १२ मध्येच याचे उत्तर आहे. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अटी बदलण्याचा विचार करावा लागतो. पैसा किंवा जामीनदार नाही म्हणून मुलगा महिनोन्‌महिने आत राहावा, हे कायद्याला मान्य नाही. पण ही आठवण करून देणारे कोणी तरी लागते.

मंडळाने जामीन नाकारलाच तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. त्यानंतर उच्च न्यायालय, म्हणजे वाशिमकरांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

मुलगा पुण्यात किंवा मुंबईत कामाला असताना तिथे पकडला गेला तर?

चौकशी तिथल्या मंडळासमोर सुरू होते. मात्र मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे हे दिसून आले, तर त्याला आणि त्याच्या कागदपत्रांना घरच्या जिल्ह्यातील मंडळाकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. पालकांना दर तारखेला शेकडो किलोमीटर जाणे परवडत नसेल, तर वकिलामार्फत ही मागणी जरूर करावी.

पुण्यातील कार अपघाताच्या प्रकरणात नेमके काय झाले होते?

जामिनाचा नियम लोकांच्या रागापुढे कसा ताणला जातो, हे समजण्यासाठी हे प्रकरण उपयोगी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. कार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप होता. मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले. देशभर संताप उसळला. २२ मे रोजी त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले.

२५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचे आदेश दिले. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. जामीन दिलेला आहे आणि तो रद्दही झालेला नाही. मग मुलाला निरीक्षणगृहात ठेवायचे कोणत्या आधारावर? प्रकरण कितीही गंभीर असले आणि जनक्षोभ कितीही मोठा असला तरी कायद्याने ठरवलेली वाट सोडता येत नाही, असे या आदेशाचे सार आहे. पुढे, जुलै २०२५ मध्ये, या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली.

या मुलाच्या कुटुंबाकडे उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत होती. मारामारीत अडकलेल्या मजुराच्या मुलालाही हेच कलम १२ लागू होते.

विशेष गृहात पाठवले असेल तर मधे घरी येता येते का?

येते. पॅरोलच्या सर्वात जवळ जाणाऱ्या दोन तरतुदी इथे आहेत.

कलम ९८ म्हणजे रजा. परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, आई-वडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार अशा प्रसंगी मंडळ मुलाला देखरेखीखाली रजा देऊ शकते. एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत. प्रवासाचे दिवस त्यात धरले जात नाहीत. ही रजा गृहातील वास्तव्यातच मोजली जाते. म्हणजे दहावीच्या परीक्षेसाठी आठवडाभर बाहेर आलेल्या मुलाला तेवढे दिवस नंतर भरून द्यावे लागत नाहीत.

कलम ९७ म्हणजे मुदतीआधी सुटका. परिवीक्षा अधिकारी, सामाजिक कार्यकर्ता किंवा संस्थेच्या अहवालावर मंडळ मुलाला पूर्णपणे किंवा अटींवर सोडू शकते. तो आई-वडिलांकडे किंवा त्याची जबाबदारी घेणाऱ्या, त्याला शिकवणाऱ्या, कामधंद्याला लावणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली राहू शकतो. अटी मोडल्या तर त्याला परत गृहात आणता येते.

दोन्ही ठिकाणी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. हा अधिकारी घरी येतो, शाळेत विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो. अनेक पालक त्याला पोलीस समजून टाळतात. घराला कुलूप आढळले, तर मुलाची काळजी घेणारे कोणी आहे की नाही, हे मंडळाला कळणार कसे?

१६ ते १८ वयाच्या मुलाला प्रौढांसारखा खटला भरतात, हे खरे का?

काही प्रकरणांत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता. तीन वर्षांची मुदत संपल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला. त्याच महिन्यात संसदेने नवा कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. त्यानुसार मुलाचे वय १६ किंवा अधिक असेल आणि गुन्हा ‘निर्घृण’ वर्गातला असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती पाहून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवता येते.

इथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. कमाल शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त, पण किमान शिक्षा ठरलेलीच नाही, असे अनेक गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात असे गुन्हे ‘निर्घृण’ धरता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. २०२१ च्या दुरुस्तीने ते ‘गंभीर’ वर्गात टाकले. त्यामुळे एफआयआरमध्ये कोणते कलम आहे, ते वकिलाकडून नीट समजून घ्यावे.

बाल न्यायालयाने दीर्घ मुदत ठरवली तरी मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत ‘सुरक्षित स्थानी’ राहतो, तुरुंगात नाही. दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल जातो. २१ व्या वर्षी न्यायालय पाहते की तो सुधारला आहे का. सुधारला असेल तर उरलेल्या काळासाठी देखरेखीखाली सोडता येते. नसेल तर उरलेला काळ तुरुंगात. रजेचे तुरुंगातील नियम त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा येतात ते इथे. अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

वय कोणत्या दिवसाचे धरतात?

घटना घडली त्या दिवसाचे. अटकेच्या, आरोपपत्राच्या किंवा निकालाच्या दिवसाचे नाही. घटनेच्या वेळी १७ वर्षे १० महिन्यांचा असलेला मुलगा आज १९ वर्षांचा असला, तरी त्या गुन्ह्यापुरता तो बालकच आहे.

हे वय कशाने सिद्ध करायचे, याचा क्रम कलम ९४ ने ठरवून दिला आहे. आधी शाळेने दिलेले जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी, आणि ती आदेशानंतर १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

ग्रामीण महाराष्ट्रात इथे एक जुनी गोष्ट आडवी येते. आपल्याकडे १ जूनला वाढदिवस असलेले लोक चिकार आहेत. आई-वडिलांना तारीख आठवत नव्हती, म्हणून गुरुजींनी पहिलीच्या पटावर अंदाजाने लावलेली ती तारीख. घरात तो गमतीचा विषय असतो. मुलगा ताब्यात गेला की तीच तारीख गंभीर होते. अंदाज वर्षभराने मागेपुढे झाला असेल, तर त्या एका नोंदीवर मुलगा मंडळासमोर उभा राहतो की सत्र न्यायालयासमोर, हे ठरू शकते.

कागदांबाबत आणखी दोन निकाल लक्षात ठेवावेत. पी. युवाप्रकाश प्रकरणात जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा हे कलम ९४ ला अपेक्षित पुरावे नाहीत, असे म्हटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, त्यापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य, असे सांगितले. म्हणून एकाच कागदावर विसंबू नये. मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचे प्रमाणपत्र, बोर्डाचे प्रमाणपत्र असल्यास ते आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला असे सगळे मिळवावे.

वयाचा मुद्दा उशिरा लक्षात आला तर?

तरीही मांडता येतो. कलम ९ नुसार अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरणाचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. याचे सर्वात धक्कादायक उदाहरण विदर्भातलेच, नागपूर मध्यवर्ती कारागृहातले आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील सात जणांची हत्या झाली होती. या गुन्ह्यात राजस्थानातून आलेल्या एका मुलाला सज्ञान समजून फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. अनेक वर्षांनी त्याच्या राजस्थानातील शाळेची नोंद पुढे आली. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे गृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. त्याची तातडीने सुटका झाली. अल्पवयीनाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने इथे त्याचे नाव दिलेले नाही.

गुन्हा भयंकर होता, सात जीव गेले होते. पण शाळेतला तो एक कागद १९९४ सालीच कोणी मागवला असता, तर प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले असते.

मुलगा १८ पूर्ण, पण २१ च्या आत असेल तर?

हा गट दोन्हीकडून सुटतो. बाल न्याय कायदा त्याला लागू नाही आणि तो थेट तुरुंगात जातो. तरीही त्याच्यासाठी काही खास तरतुदी आहेत.

पहिली तुरुंगातली. १८९४ च्या कारागृह कायद्यानुसार २१ वर्षांखालील पुरुष बंद्यांना इतरांपासून वेगळे ठेवण्याची सोय करावी लागते. १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्यातून किशोर सुधारालयाची व्यवस्था आली; राज्यात नाशिकला असे किशोर सुधारालय आहे.

दुसरी निकालाच्या वेळची. परिवीक्षा कायदा, १९५८ च्या कलम ६ नुसार जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील दोषीला तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. तुरुंगच का, याची कारणेही लिहायची असतात. बचाव पक्षाने हा मुद्दा मांडलाच नाही, तर तो कागदावरच राहण्याची भीती असते.

तिसरी खटला रेंगाळला तर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे सुरू असलेल्यांना हा लाभ नाही. हा काळ भरला की न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे.

शिक्षा झाली की मगच रजा?

होय. तरुण दोषीला मग इतर कैद्यांसारखेच संचित आणि अभिवचन रजेचे नियम लागू होतात. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत जातो आणि कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. मुलगा अमरावती किंवा नागपूरच्या कारागृहात असला, तरी चौकशी रिसोड, मालेगाव, कारंजा किंवा मंगरूळपीरच्या पोलीस ठाण्यातून होते. घर, कुटुंब, गावातील वातावरण, फिर्यादीला धोका आहे का, हे पाहिले जाते. दरोडा, बलात्कार, अमली पदार्थ अशा गुन्ह्यांत नियम कडक आहेत.

रजा हा ठरलेला हक्क नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नारायण साई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, फर्लोला कारण लागत नसले तरी तो मागताक्षणी मिळालाच पाहिजे असा निरपवाद हक्क नाही, असे सांगितले. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांत संचित रजा शिक्षेत धरली जाते, अभिवचन रजा धरली जात नाही. गोव्यातील एका प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पॅरोलचे दिवस प्रत्यक्ष कारावासाच्या १४ वर्षांत मोजायला नकार दिला. म्हणजे पॅरोलवर काढलेले दिवस नंतर आत भरावे लागतात.

अल्पवयीन आणि प्रौढ यांच्या वाटा किती वेगळ्या आहेत, हे २०१३ च्या मुंबईतील शक्ती मिल प्रकरणात दिसते. त्यातील दोन अल्पवयीनांना जुलै २०१५ मध्ये मंडळाने तीन वर्षांसाठी नाशिकच्या सुधारालयात पाठवले. प्रौढ दोषींपैकी तिघांची फाशी नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली आणि त्यांना पॅरोल किंवा फर्लो मिळणार नाही, असेही बजावले.

हे सगळे पीडितांवर अन्याय करणारे नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांना आरोपीचे वय सांगून समजूत पटत नाही. वय लपवून सुटका करून घेण्याचे प्रयत्नही होतात. म्हणून कागदांची कसून तपासणी व्हायलाच हवी, आणि ती मागण्याचा मार्ग फिर्यादी पक्षालाही खुला आहे. पण तीन वर्षांनी सुटणारा मुलगा शेवटी आपल्याच गावात परत येणार असतो. तो शिकून, हाताला काम घेऊन येतो की सराईतांच्या ओळखी घेऊन, याची किंमत पुढे गावच मोजते. म्हणून बहुतांश प्रकरणांत त्याच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट कराव्यात आणि नोकरी-शिक्षणात त्या आड येऊ नयेत, असेही कायदा सांगतो. बाल न्यायालयाने दोषी धरलेल्या निर्घृण गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही.

वाशिम जिल्ह्यातील कुटुंबाने पहिल्या आठवड्यात काय करावे?

१. घटनेची तारीख आणि मुलाची जन्मतारीख एका कागदावर लिहा. त्या दिवशी तो १८ च्या आत होता का, हे आधी पाहा.

२. शाळेत जा. जन्मतारखेचे प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून जन्मदाखला काढा.

३. मुलगा अल्पवयीन असूनही पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असेल, तर त्याच दिवशी वकिलामार्फत किंवा स्वतः न्यायालयाला लेखी कळवा.

४. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा टोल फ्री क्रमांक १५१००, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

५. परिवीक्षा अधिकारी घरी येणार असेल तर घरी थांबा. मुलगा कुठे राहील, शाळा किंवा काम काय, त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल, हे स्पष्ट सांगा.

६. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अटी बदलण्यासाठी मंडळाकडे अर्ज द्या.

७. अर्जावर ‘पॅरोल’ लिहू नका. निरीक्षणगृहात असेल तर जामीन, विशेष गृहात असेल तर कलम ९८ खाली रजा किंवा कलम ९७ खाली सुटका, आणि शिक्षा भोगणारा प्रौढ असेल तर संचित किंवा अभिवचन रजा.

यातली कोणतीही पायरी चढताना पैशांच्या बदल्यात ‘लगेच सोडवून आणतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला एकच विचारा, ‘कोणत्या कलमाखाली?’